जर्मनीतली सहा आठवड्यांची लिथो रेसिडेन्सी: स्वतःच्या पैशाने जावं का?

मैत्रेयी_नाशिक

नमस्कार मंडळी. मी नाशिकची. प्रिंटमेकिंगमध्ये मास्टर्स करून तीन वर्षं झाली. आतापर्यंतचं बहुतेक काम एचिंग (अ‍ॅसिडने कोरलेल्या पत्र्यावरून छपाई) आणि वुडकट (कोरलेल्या लाकडावरून छपाई) यांमधलं. कॉलेजात लिथोचा, म्हणजे दगडावरून छापायचा, प्रेस होता, पण दगड दोनच आणि त्यातला एक तडकलेला. त्यामुळे लिथो जेमतेम एक टर्म केली.

आता बव्हेरियातल्या एका छोट्या लिथो वर्कशॉपमध्ये सहा आठवड्यांसाठी माझी निवड झाली आहे. राहायला खोली आणि प्रेसवर वेळ ते देणार. विमान, व्हिसा, जेवण, कागद हे सगळं माझं. हिशेब अडीच-तीन लाखांच्या घरात जातो. बाबा म्हणतात, एवढ्या पैशात तुझा स्वतःचा छोटा एचिंग प्रेस घरी येईल. ते खोटं नाही, म्हणूनच झोप उडाली आहे.

कुणी अशा ठिकाणी जाऊन आलं असेल तर सांगा. तिथे जाऊन नेमकं काय हाती लागतं? मी सहा चित्रांची मालिका इथेच रेखाटून ठेवली आहे, तिथे पोचल्यावर फक्त दगडावर उतरवायची, म्हणजे वेळ वाया जाणार नाही. हे बरोबर आहे का? आणि एकटी मुलगी, शाकाहारी, जर्मन शून्य, हे जमतं का? उत्तर महिन्याभरात कळवायचं आहे.

सुनंदा_कोल्हापूर

मैत्रेयी, मी 2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बव्हेरियातच, आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यातल्या एका लिथो वर्कशॉपमध्ये सहा आठवडे होते. तेव्हा मी 41 वर्षांची होते. कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिकवते, रजा बिनपगारी घेतली होती. त्यामुळे तुझ्या हिशेबाची वही मला ओळखीची वाटते.

आधी मालिकेबद्दल. मीही पाच रेखाटनं घेऊन गेले होते, ट्रेसिंग पेपरवर उलटी करूनसुद्धा. त्यातलं एकही छापलं नाही. परत आले तेव्हा माझ्याकडे दोन दगडांवरच्या दोन प्रिंट्स होत्या, एक बाराची एडिशन, म्हणजे एकाच चित्राच्या बारा प्रती, आणि एक आठची. बस. आणि आज मला विचारशील तर तीही घाई होती असं म्हणेन.

कारण सांगते. पहिले चार दिवस मी चित्र काढलंच नाही, दगड घासला. लिथोचा दगड घासणं म्हणजे काय हे कॉलेजात आपल्याला कळतच नाही, कारण तिथे आधीच्या बॅचने घासलेला दगड मिळतो. तिथे मला एक जुना दगड दिला, साधारण 40 बाय 50 सेंटिमीटर, आठेक सेंटिमीटर जाड. वजन चाळीस किलोच्या आसपास. त्याच्यावर आधीच्या कुणाचं तरी चित्र होतं, एका खुर्चीचं. पाणी मारायचं, कार्बोरंडम या कठीण पदार्थाची पूड भुरभुरायची, वर लोखंडी चकती ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवायची. आधी 80 नंबरची जाड पूड, मग 120, मग 180, शेवटी 220. दर वेळी पूड चिखलासारखी झाली की धुऊन टाकायची. जाड पुडीचा एक कण जरी कडेला राहिला आणि बारीक पुडीच्या वेळी वर आला तर ओरखडा पडतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. माझ्याकडून दोनदा तसं झालं.

मध्येच तिथले मुद्रक यायचे, सत्तरीतले गृहस्थ. दगडावर लोखंडी पट्टी उभी धरायचे आणि तिच्याखाली पातळ कागदाच्या चिटोऱ्या ठेवून ओढून बघायचे. मधली चिटोरी सैल निघाली म्हणजे दगडाला मध्ये खळगा पडलाय. मग पुन्हा घासा. त्यांना इंग्रजी बेताचं, मला जर्मन शून्य. पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हटलं, त्यांनी हात हलवून नको म्हणून सांगितलं आणि नाव उच्चारून दाखवलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ शेवटपर्यंत वळली नाही. मी आपली समोर जाऊन उभी राहायचे.

खुर्ची तिसऱ्या दिवशी गेली असं मला वाटलं. चौथ्या दिवशी दगड ओला केला तर पाण्याखाली पुन्हा तिची एक पाठ दिसली. चरबी दगडात आत शिरलेली असते, वरवर घासून जात नाही. त्यांनी दगडावर बोट ठेवलं, मान हलवली, आणि मी परत 80 नंबरपासून सुरुवात केली. त्या वेळी डोळ्यांत पाणी आलं होतं. पण मैत्रेयी, लिथोग्राफी म्हणजे काय हे मला त्या खुर्चीच्या पाठीने शिकवलं. चित्र दगडाच्या वर नसतं. तेल दगडाच्या चुन्याला जाऊन चिकटतं, उरलेली जागा डिंक आणि पाणी धरून ठेवतं, आणि दगडाच्या एकाच सपाटीवर छापणारा आणि न छापणारा भाग शेजारी शेजारी राहतात. ना खोदलेलं, ना उठावाचं. एचिंग आणि वुडकट करणाऱ्या हाताला हे पटायला वेळ लागतो. तुझ्या हाताला खोलीची सवय आहे, इथे खोलीच नाही.

तो भाग निवडायचं कारण म्हणजे तिथलाच तो दगड. झोल्नहोफेन नावाचं गाव आहे, त्याच्या आसपासच्या खाणींतला चुनखडक. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ खाऱ्या पाण्याच्या तळाशी बसलेला गाळ, इतका बारीक की 1861 मध्ये त्यात एक पीस सापडलं आणि त्याची रेघन् रेघ उमटलेली होती. पिसं असलेल्या त्या प्राण्याचं नावच आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका ठेवलं गेलं, छापायच्या दगडातला म्हणून. पीस इतकं नेमकं धरून ठेवणारा दगड तेलकट क्रेयॉनचा दाणाही तसाच धरून ठेवतो. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाचा, त्याला हे काम जमत नाही. म्हणून 19 व्या शतकात जगभर हे बव्हेरियाचे दगड जहाजांनी गेले, आपल्या मुंबई-पुण्यातही आले.

त्या गावांत हा दगड सगळीकडे आहे. जुन्या घरांची छपरंसुद्धा त्याच्याच पातळ फरश्यांची, एकावर एक रचलेली. मी राहत होते त्या खोलीच्या जिन्यालाही तीच फरशी. पहिल्या रात्री अनवाणी उतरताना पायाला जे लागलं ते मला एकदम ओळखीचं वाटलं. शहाबादीसारखं, पण मऊ, किंचित उबदार. कुठे लागलं होतं हे आठवायला दोन दिवस गेले. आमच्या वाईच्या घरी न्हाणीघराबाहेर धुण्याचा एक पिवळट दगड होता, अर्धा तुटलेला. माझे आजोबा पुण्यात एका शिळाप्रेसमध्ये कामाला होते, तो बंद पडल्यावर त्यांनी तो तुकडा घरी आणला असं आई सांगायची. आजी त्याच्यावर आयुष्यभर लुगडी धूत होती. आम्ही मुलं त्याच्यावर बसून पाय घासायचो. लिथो हा विषय घेऊन मी शिकले, पण तो दगड कोणता हे मला कधी सुचलं नव्हतं.

तिथे झेनेफेल्डरची गोष्ट सगळे सांगतात. ज्याने ही पद्धत शोधली तो म्युनिकचा नाटककार, स्वतःची नाटकं छापायला पैसे नव्हते म्हणून दगडावर प्रयोग करत होता. 1796 मध्ये आईने धोबिणीला द्यायच्या कपड्यांची यादी लिहून घ्यायला सांगितली, हाताशी कागद नव्हता, म्हणून त्याने ती मेणाच्या शाईने दगडावरच लिहिली, आणि तिथून पुढचं सगळं सुरू झालं. हे त्याने स्वतः लिहून ठेवलेलं आहे. मला मात्र ते ऐकताना आजीचं धुणंच दिसत होतं.

आता फसलेलं सांगते. दुसऱ्या आठवड्यात मी टुशचे वॉश केले, पाण्यात कालवलेली तेलकट शाई, वाळली की जाळीसारखी पसरते. सुंदर दिसत होते. एच करताना, म्हणजे चित्र दगडात पक्कं करायला डिंक लावताना, त्यात नायट्रिक अ‍ॅसिडचे थेंब मी कॉलेजच्या वहीतल्या मापाने घातले. ते माप क्रेयॉनच्या गडद कामाचं होतं. हलके करडे सगळे जळून गेले, छापलं तेव्हा तिथे पांढरे डाग. मुद्रकांनी नंतर दाखवलं की एकाच दगडावर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या तीव्रतेचा डिंक लावायचा, नाजूक भागाला नुसताच डिंक, अ‍ॅसिड नाही. फेस किती आणि कसा उठतो ते बघायचं, थेंब मोजत बसायचं नाही. हे मी चार पुस्तकांत वाचलं होतं. वाचून येत नाही.

आणि छपाई. तिथे एडिशन दोघांनी मिळून काढतात, एक पाण्याचा स्पंज धरतो, दुसरा कातडी रोलर. दगड क्षणभर कोरडा पडला की शाई नको तिथे बसते. पहिल्याच दिवशी मी प्रिंटकडे बघत राहिले, स्पंज हातात तसाच, आणि दगडाचा एक कोपरा काळा झाला. ते रागावले नाहीत. त्यांनी रोलर खाली ठेवला, माझ्या हातातला स्पंज घेऊन ओला केला आणि परत माझ्या हातात दिला. त्यानंतर तीन आठवडे मी त्यांच्यासाठी पाणी मारलं. इतर कलाकारांच्या एडिशन्ससुद्धा. माझ्या दोन प्रिंट्सपेक्षा त्या पाणी मारण्यात मी जास्त शिकले.

एक गोष्ट राहून जाईल म्हणून लिहिते. त्यांच्याकडे त्सेरकाल या जर्मन गिरणीच्या कागदाचे शेवटचे ताव कपाटात जपून ठेवलेले होते. ती कागदगिरणी जुलै 2021 च्या पुरात उद्ध्वस्त झाली, नंतर उभी राहिली नाही. मी मोबाइलवर त्यांना त्याच महिन्यातले आमच्या गल्लीचे फोटो दाखवले, पंचगंगेचं पाणी, माझ्या फडताळातले भिजून फुगलेले प्रिंट्सचे गठ्ठे. त्यांनी बराच वेळ फोटो बघितले. दुसऱ्या दिवशी माझ्या दुसऱ्या दगडासाठी त्यांनी त्या कपाटातले दहा ताव काढून दिले. आठची एडिशन त्याच कागदावर आहे.

खर्च माझा साधारण दोन लाख ऐंशी हजार झाला. त्यातले पंधरा हजार एका व्हिसा एजंटाने घेतले आणि अर्ज चुकीच्या प्रकारात भरून दिला, तारीख परत घ्यावी लागली. फॉर्म स्वतः भर. निमंत्रणाचं पत्र, राहण्याची सोय, 30 हजार युरोचा विमा, बँकेचे कागद, शाळेचं किंवा कामाचं पत्र, एवढं नीट लावलं की कुणाची गरज नाही.

जा असं मी म्हणेन. पण ती सहा रेखाटनं घरी ठेवून जा.

मैत्रेयी_नाशिक

सुनंदाताई, दोनदा वाचलं. बाबांनाही वाचून दाखवलं. खुर्चीपाशी ते थांबले आणि म्हणाले, "परत वाच." रेखाटनं न नेण्याची भीती वाटते हे खरं. तिथले लोक विचारतील ना, काय करायला आलीस म्हणून?

इसारकाठ

मी गेली अकरा वर्षं म्युनिकमध्ये आहे. कलेतलं कळत नाही, पण रोजच्या गोष्टी सांगू शकतो.

डॉइचलांडटिकिट काढा. महिन्याभराचं, सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, 2025 मध्ये 58 युरो होतं. ते आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून शेवटच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करायला विसरू नका, नाहीतर पैसे कापले जातात. त्या खोऱ्यात प्रादेशिक गाड्या जातात, त्यामुळे म्युनिकला येणं-जाणं त्याच तिकिटात होईल.

रविवारी दुकानं बंद. अक्षरशः बंद. शनिवारीच भाजी, दूध, ब्रेड भरून ठेवा. छोट्या गावात तर शनिवारी दुपारनंतरच सामसूम. तूरडाळ, पोहे, हिंग, गोडा मसाला घरून आणा. तांदूळ, मसूर, दही, भाज्या सगळीकडे मिळतात. खोलीत कुकर चालेल का हे आधी विचारा, शिट्टीच्या आवाजाने शेजारी दचकतात, आमच्याकडे तसं झालं आहे.

सुट्टीच्या दिवशी आइखश्टेटला जा. डोंगरावरच्या किल्ल्यात संग्रहालय आहे, तिथे आर्किऑप्टेरिक्स बघायला मिळतो. जवळच एक खाण आहे, तिथे थोडे पैसे भरून छिन्नी-हातोडा घेऊन तुम्ही स्वतः दगडाचे थर उकलू शकता. माझ्या मुलाला बहुतेक वेळा फर्नच्या पानासारखी काळी नक्षी सापडते. ती पानं नसतात, मॅंगनीजची नक्षी असते, पण त्याने घरभर मांडून ठेवली आहे. आणि म्युनिकच्या जुन्या दक्षिण स्मशानभूमीत झेनेफेल्डरची कबर आहे. शांत जागा आहे, मोठी झाडं.

एकटीने राहायला तो भाग सुरक्षित आहे. माझी बहीण एकटी फिरून गेली.

बडोद्याचा_विनय

थोडं वेगळं मत मांडतो. मी मूळचा जळगावचा, बडोद्यात प्रिंटमेकिंग करतो. सुनंदाताईंचा अनुभव मोलाचा आहे, पण त्यातलं बरंचसं इथेही मिळू शकतं हे मैत्रेयीने लक्षात घ्यावं. बडोद्यात ‘छाप’ नावाचा प्रिंट स्टुडिओ आहे, अहमदाबादला कनोरिया सेंटर, भोपाळला भारत भवनचा ग्राफिक स्टुडिओ, दिल्लीत ललित कला अकादमीचे ‘गढी’ स्टुडिओ. तीन लाखांत तू यातल्या एखाद्या ठिकाणी वर्षभर काम करशील. सहा आठवडे म्हणजे हात बसायला लागतो तोच परतीचं विमान.

शिवाय परत आल्यावर दगड कुठून आणणार? नाशिकमध्ये लिथो प्रेस नाही. शिकलेलं वापरलंच गेलं नाही तर दोन वर्षांत हात विसरतो. माझ्या एका मैत्रिणीचं तसंच झालं. ती परदेशात फार सुंदर लिथो करून आली आणि आज पुन्हा एचिंगच करते.

जाऊ नको असं म्हणत नाही. आधी एक महिना इथे लिथो करून मग जा. तारीख पुढे ढकलता येते का विचार.

दगडीछाप

मी पुण्यातला, वय 79. आमच्या घरात दोन पिढ्या छपाईत गेल्या. मी स्वतः नंतर ऑफसेटला होतो, पण शिकाऊ म्हणून सुरुवात दगडावरच केली. मुलगी मला इथलं वाचून दाखवते आणि मी सांगतो ते टाइप करते.

सुनंदाताई, तुमच्या आजोबांबद्दल वाचून बरं वाटलं. शिळाछाप आपल्याकडे परकी गोष्ट नव्हती. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापलं ते दगडावरच. पुण्यात चित्रशाळा 1878 ला निघाली, तिची देवादिकांची रंगीत चित्रं घराघरांत होती. राजा रविवर्म्यांचा प्रेस 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. त्या चित्रांमध्ये प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. एका लक्ष्मीला कितीतरी दगड. म्हणजे जर्मनीचा माणूस आणि जर्मनीचा दगड इथे येऊन काम करून गेलेले आहेत, आता या मुली तिकडे जात आहेत. जाऊ द्या, यात नवीन काही नाही.

कामाचं दोन शब्दांत सांगतो. मैत्रेयी, तुम्ही कलाकार मंडळी थेट दगडावर उलटं काढता. धंद्याच्या कामात आम्ही ट्रान्सफर करायचो. खळ लावलेल्या कागदावर सरळ लिहायचं, तो कागद ओला करून दगडावर दाबला की अक्षर उलटं उतरतं, छापल्यावर सरळ. तुम्हाला रेखाटन न्यायचंच असेल तर ट्रान्सफर पेपरवर न्या, तिथे त्यांना तो माहीत असणारच. पण दाणा मिळणार नाही. दगडावर क्रेयॉन फिरवल्यावर जो दाणा उमटतो तो ट्रान्सफरला येत नाही, म्हणून ताईंचं बरोबर आहे.

डिंकाबद्दल. बाभळीच्या जातीचा चांगला डिंक आमच्याकडे रात्रभर भिजत घालायचे आणि फडक्यातून गाळायचे. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबट वास यायला लागला तर उस्ताद तो फेकत नसत, आंबलेला डिंक थोडा जोरात चालतो म्हणत आणि त्याच हिशेबाने अ‍ॅसिड कमी घालत. जर्मनीत ऑक्टोबरला थंडी, इथे मे महिन्यात चाळीस डिग्री. दगड तोच, पण पाणी सुकायचा वेग वेगळा. तिथून आल्यावर हे सगळं पुन्हा शिकावं लागेल हे विनयचं म्हणणं मला पटतं.

ताई, त्या वाईच्या दगडाचं काय झालं? तो अजून आहे का?

सुनंदा_कोल्हापूर

विनय, तुझं बोलणं मी उडवून लावत नाही. आधी इथे महिनाभर करून जाणं हे शहाणपणाचं आहे, आणि मैत्रेयीला तारीख बदलून मिळाली तर तिने तसंच करावं. मीही जाण्याआधी पंधरा दिवस एका मित्राच्या प्रेसवर काढले असते तर टुशचा दगड जळला नसता.

पण एका गोष्टीत मी तुझ्याशी सहमत नाही. परत येऊन लिथो केलं नाही म्हणजे शिकलेलं वाया गेलं, हे मला मान्य नाही. मी आज कोल्हापुरात लिथो करत नाही, प्रेस नाही. वुडकट करते. पण माझा वुडकट बदलला आहे. पूर्वी मी ब्लॉक कापला की लगेच काळी शाई लावून छापायची. आता लाकडाचा दाणा आधी कोरा छापून बघते, दोन-दोन दिवस. सातवीच्या मुलांना पोटॅटो प्रिंट शिकवतानासुद्धा आधी बटाट्याची कापलेली बाजू हाताने चाचपायला सांगते, सपाट आहे का, ओली किती आहे. मुलं त्यात रमतात. हे त्या चार दिवसांच्या घासण्यातून आलं. माझ्या हाताला हे बडोद्यात मिळालं असतं का, मला सांगता येणार नाही. मला ते तिथे मिळालं.

मैत्रेयी, काय करायला आलीस असं विचारतील म्हणतेस. विचारतात. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापली कामं दाखवायची असतात. मी पाच ट्रेसिंग पेपर मांडले, लोकांनी छान छान म्हटलं. तिथे कोपऱ्यात एक लिथुआनियाची मुलगी होती, तिच्याकडे फक्त एक वही होती, तिच्यात नदीच्या दगडांवर ठेवून पेन्सिलीने घासून काढलेले ठसे. मुद्रक गृहस्थ तिच्या वहीपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबले. तू वुडकट्स ने, झालेली, चार-पाच. आणि कोरी वही.

परतताना दोन गोष्टी कर. एडिशनमधल्या एक-दोन प्रिंट्स वर्कशॉपला ठेवून द्यायच्या असतात, ते आधी विचारून घे आणि तेवढा कागद जास्त धर. आणि वर्कशॉपच्या लेटरहेडवर एक पत्र घे, की ही कलाकाराची स्वतःची कामं आहेत, विक्रीसाठी नाहीत. मुंबई विमानतळावर माझी प्रिंट्सची नळी उघडायला लावली होती, ते पत्र दाखवल्यावर पाच मिनिटांत सोडलं. प्रिंट्स गुंडाळताना मध्ये पातळ कागद घाल, लिथोची शाई वाळली आहे असं वाटतं पण गडद भाग आठवडाभर तरी ओला असतो. माझ्या एका प्रिंटवर शेजारच्या प्रिंटचा काळा डाग आला आहे.

काका, तुमच्या प्रश्नाने आज सकाळपासून मन थाऱ्यावर नाही. दगड आहे. आजी गेल्यावर न्हाणीघर पाडलं, तेव्हा तो मागच्या आंगणात पेरूच्या झाडाखाली टाकला होता. जर्मनीहून आल्यावर दिवाळीत वाईला गेले तेव्हा मी आणि भावाने तो पालथा केला. वरची बाजू धुण्याने गुळगुळीत, मध्ये खोलगट झालेली, त्या मुद्रकांनी चिटोरी ठेवली असती तर सहज निघाली असती. खालची बाजू मातीत होती. मी पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतली, घासली नाही. ओली असताना तिरप्या उन्हात एका कोपऱ्यात दोन समांतर रेघा दिसल्या, एक जाड, एक बारीक, आणि त्या काटकोनात वळलेल्या. एखाद्या लेबलाच्या चौकटीचा कोपरा असावा. अक्षर एकही वाचता आलं नाही. वाळल्यावर तेही दिसेना. फोटो काढला त्यात काही येत नाही. त्यानंतर तो दगड मी कोल्हापूरला आणला, घरात पलंगाखाली ठेवला आहे, ती बाजू वर करून.

तो घासून त्याच्यावर स्वतःचं चित्र काढायचं असं मी जर्मनीत ठरवलं होतं. आता हात धजत नाही. आजोबांनीच ती चौकट आखली असेल असं नाही, तिथे बरेच जण कामाला असतील. तरीही.

मैत्रेयी_नाशिक

वर्कशॉपला मेल केला. मे ऐवजी सप्टेंबरमध्ये चालेल असं त्यांनी कळवलं आहे. विनयदादा, बडोद्याला जून-जुलैत यायचं म्हटलं तर कुणाशी बोलू? निरोप पाठवते. बाबा म्हणाले, प्रेस पुढच्या वर्षी घेऊ, तोही मोठा.

इसारकाठ, कुकरबद्दल विचारलं आहे. चालतो म्हणाले.

दगडीछाप

सुनंदाताई, जाड आणि बारीक जोडरेघ म्हणजे लेबलाचंच काम. अत्तर, तपकीर, काड्यापेटी, विड्यांचे कट्टे. ती रेघ रूलिंग पेनने ओढायचे, काटकोनात वळताना जोड दिसू नये यासाठी नव्या पोराला महिनाभर तेवढंच करायला लावायचे. मीही केलं आहे.

तुमचं ते चित्र कदाचित काढता येईल. हमी देत नाही, कारण इतकी वर्षं मातीत राहिलेल्या दगडावर डिंकाचा थर उरलेला नसणार. पण तेल आत उतरलेलं असेल तर ते अजून शाई ओढेल. अ‍ॅसिड लावू नका, कार्बोरंडम तर मुळीच नाही. आधी पातळ डिंक चोळून वाळू द्यायचा, मग टर्पेंटाइनने हलक्या हाताने पुसायचं, डांबराचा अगदी पातळ हात फिरवायचा, पाण्याने धुवायचं आणि बोटाभोवती फडकं गुंडाळून किंचित शाई चोळून बघायची. रोलर नंतर. हे एकट्याने करू नका, एकाने पाणी धरायला हवं.

माझ्या हाताला आता कंप आहे, पण पाणी मी धरू शकतो. रविवारी मी घरीच असतो. दगड आणताना गोणपाटात गुंडाळा, आणि गाडीत आडवा ठेवा, उभा नको. तुटलेल्या बाजूची कड सांभाळा.